हायड्रा शिकलात, हायड्रोझोआ राहिले

कळव्याच्या आमच्या घरात बाल्कनीच्या दाराशी दोन फुटी फिशटँक आहे. गेल्या पावसाळ्यात त्यात सोडायला हायड्रिला या पाणवनस्पतीची एक जुडी आणली. आठवडाभरात काचेच्या आतल्या बाजूला पांढुरके धागे दिसू लागले, जेमतेम सेंटीमीटरभर. वाटलं, टँक पुसायच्या फडक्याचे दोरे निघाले असतील. म्हणून काचेवर टिचकी मारली, तर धागा गायब आणि त्याच्या जागी मोहरीहून लहान ठिपका. मिनिटभर थांबलो. ठिपक्यातून हळूहळू परत धागा निघाला आणि त्याच्या मोकळ्या टोकाला सहा बारीक हात पसरले.

मी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. हायड्राची आकृती आजवर किती वेळा फळ्यावर काढली असेल, त्याची मोजदाद नाही. आणि तोच हायड्रा घरी मुक्कामाला आला तेव्हा मला ओळखू आला नाही.

पुढचा मूर्खपणाही सांगून टाकतो. टँकमध्ये कोळंबीची पिल्लं होती. हायड्रा ती मटकावतो, म्हणून मी एक बाद झालेलं एटीएम कार्ड घेतलं आणि काच खरवडून काढली. बारा दिवसांनी पाहतो तर धागे आधीच्या दुपटीहून जास्त. रक्तबीजाची गोष्ट लहानपणी ऐकली होती, इथे तिचा प्रयोगच लागला. सगळी वाढ तुकड्यांमुळे झाली असं नाही, भरल्या पोटी हायड्रा मुकुलायनानेही, म्हणजे अंगावर कळी फुटूनही, भराभर वाढतो. पण बायको म्हणायची ती म्हणालीच, "पुनर्जननाला दोन मार्क असतात ना? तुला शून्य."

मग त्यातले पाच-सहा हायड्रा ड्रॉपरने उचलून कॉफीच्या रिकाम्या बरणीत ठेवले आणि भिंग घेऊन बसलो. पुस्तकं चाळली. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला हायड्रा शिकवतात खरा, पण ज्या वर्गाचं नाव त्याच्यावरून पडलं, त्या हायड्रोझोआची ओळख त्यातून होतच नाही. या वर्गात सुमारे ३,८०० जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक समुद्रात राहतात, हायड्रा गोड्या पाण्यात. बहुतेक वसाहत करून राहतात, हा एकटा. पुष्कळांच्या आयुष्यात छत्रीसारखं पोहण्याचा एक टप्पा येतो, याच्या येतच नाही. एखाद्याला मुंबईची लोकल समजावून सांगायची आणि नमुना म्हणून माथेरानची गाडी दाखवायची, तसं हे झालं. गाडी खरीच आहे, रुळांवरच चालते, पण तिच्यावरून विरार फास्टची कल्पना येणार नाही.

आधी जिथे सगळं सारखं आहे, ते पाहू. हायड्रोझोआ हा निडारिया संघाचा एक वर्ग. प्रवाळ आणि समुद्रफुलं याच संघातली, आपण ज्यांना सरसकट जेलीफिश म्हणतो तेही याच संघातले. या संघातल्या प्राण्यांचे दोन साचे असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना बहुशुंडक आणि छत्रिक म्हणतात, आणि मुलं हे शब्द पाठ करून परीक्षेनंतर विसरतात. बहुशुंडक म्हणजे बुडाने चिकटून उभी असलेली बाटली, तोंड वर आणि तोंडाभोवती हात. तीच बाटली उलटी केली, दाबून पसरट केली, मधला जेलीचा थर फुगवला आणि पाण्यात मोकळी सोडली की छत्रिक. दोन्हींत पेशींचे थर दोनच, बाहेरचा आणि आतला, मध्ये जेली. मेंदू नाही, रक्त नाही, हृदय नाही. चेतापेशींचं एक जाळं मात्र अंगभर पसरलेलं असतं. पोटाला दार एकच, त्यातूनच आत घ्यायचं आणि त्यातूनच बाहेर टाकायचं.

आणि दंशपेशी. त्या कशा काम करतात हे मी बरणीत पाहिलं. पाण्यातला एक सायक्लोप्स, म्हणजे झटके देत पोहणारा ठिपक्याएवढा जीव, हायड्राच्या एका हाताला नुसता घासला. घासला आणि थांबला. सुटायची धडपड झाली ती क्षणभर. मग तो हात आखडत तोंडाकडे आला, बाकीचे हातही वाकले आणि दोन-तीन मिनिटांत सायक्लोप्स अख्खा आत गेला. हायड्राच्या पारदर्शक धडाला फुगवटा आला, त्या फुगवट्यात सायक्लोप्सचा लालसर डोळा भिंगातून दिसत होता.

दंशपेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी असते, आणि कुपीत वेटोळं करून भरलेली पोकळ नळी. या कुपीतला दाब सुमारे १५० बार असतो. सीएनजी पंपावर आपल्या रिक्षा ज्याच्यासाठी तासभर रांग लावतात, तो गॅस सिलिंडरमध्ये भरतात २०० बारला. त्यासाठी जाड पोलादी नळकांडं लागतं. हायड्राकडे मात्र केसाच्या जाडीहून कितीतरी लहान अशी प्रथिनांची कुपी आहे, आणि ती एवढा दाब गुमान सोसते. भक्ष्याचा स्पर्श झाला की कुपीचं झाकण उडतं आणि मोजा उलटा करावा तशी नळी आतली बाहेर होत सुटते. २००६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे मोजलं. काटा सुटून भक्ष्यावर आदळेपर्यंत ७०० नॅनोसेकंद, आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटींहून जास्त. प्राणिसृष्टीतल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती चाललेली असते फिशटँकच्या काचेवर. सुटलेली कुपी परत भरता येत नाही. ती पेशी वाया जाते, तिच्या जागी नवी तयार होते.

जखमी भक्ष्यातून ग्लुटाथायोन नावाचं रसायन पाझरतं आणि त्याचा वास लागला की तोंड उघडतं. हे 'तोंड उघडणं'सुद्धा आपल्यासारखं नाही. मिटलेलं असताना तिथे ओठ किंवा फट नसते. पेशी एकमेकींना चिकटून सलग कातडीच झालेली असते. दर जेवणाला ती फाकवायची, जेवण झालं की परत सांधायची.

आता या वर्गातलं नेहमीचं, रोजचं आयुष्य कसं असतं ते पाहायला खाऱ्या पाण्यात जावं लागतं. मे महिन्यात बेलापूरच्या दिवाळे गावात मासळी घ्यायला गेलो होतो. जेट्टीला बांधलेल्या एका होडीचा दोर ओहोटीत उघडा पडला होता, त्यावर तपकिरी लव दिसली. मी वाकून पाहायला लागलो तशी होडीतले काका म्हणाले, "शेवाळ हाय ते. कशाला पायजे तुमाला?" दिसायला शेवाळच. बोटभर दोर सोलून खाडीच्याच पाण्यात, बाटलीत घालून आणला आणि क्लासमधल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पाच मिनिटं काही हललं नाही. मग एकेका फांदीच्या टोकाला, काचेच्या पेल्यासारख्या पारदर्शक वाटीतून, एकेक फूल बाहेर आलं. पाकळ्या नव्हत्या त्या, हात होते. मी टेबलाला धक्का दिला आणि अख्खी फांदी एका दमात मिटली.

बारावीनंतर प्राणिशास्त्र घेतलेल्यांना ओबेलिया आठवत असेल. तो याच घराण्यातला. त्या झुडपातलं प्रत्येक 'फूल' म्हणजे एक बहुशुंडक आणि सगळ्यांची पोटं आतल्या नळीने जोडलेली. एकाने खाल्लेलं सगळ्यांना पोचतं. काही फांद्यांवरच्या बहुशुंडकांना मात्र तोंड नसतं, हात नसतात. त्यांचं काम वेगळं. त्यांच्या अंगावर इवल्या छत्र्यांच्या कळ्या येतात, त्या सुटून पाण्यात पोहायला लागतात. या छत्रिकांत नर-मादी असतात. त्यांच्या अंड्यांतून निघतं ते केसाळ, पसरट, काही काळ तरंगणारं पिल्लू, प्लॅन्युला. ते एखादा दोर, खांब, शिंपला, जहाजाचं बूड असं काहीतरी शोधून चिकटतं आणि त्यातून परत झुडूप उभं राहतं. आजी झुडूप, आई छत्री, नात परत झुडूप.

आता कल्पना करा, वर्गीकरण करणाऱ्यांचे किती हाल झाले असतील. झुडपं गोळा करणारे लोक वेगळे, ते खडक आणि दोर खरवडायचे. छत्र्या गोळा करणारे वेगळे, ते बोटीवरून बारीक जाळी ओढायचे. दोघांनी आपापल्या सापडलेल्या जिवांना नावं दिली. एकाच जातीच्या झुडपाला एक नाव, छत्रीला दुसरं. लग्नात नाव बदललेल्या आत्याला माहेरच्या गावात एक बाई आणि सासरच्या गावात दुसरीच बाई समजावं, तसा हा घोळ. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसच्या १७५८ च्या यादीत हे सगळे 'कृमी' या एका गठ्ठ्यात होते, पण त्यातही हायड्रा एका गणात आणि छत्रिकं दुसऱ्याच गणात, गोगलगायींच्या नातलगांशेजारी. हायड्रोझोआ हे वर्गाचं नाव रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४३ मध्ये दिलं. झुडूप आणि छत्री यांची दोन नावं एकत्र करण्याचं काम मात्र अजून पूर्ण झालेलं नाही. कित्येक जातींची झुडूप-अवस्था ठाऊक आहे आणि छत्री कुठली ते नाही, किंवा उलट. हल्ली जनुकं ताडून पाहता येतात म्हणून हे जरा सोपं झालंय.

आजच्या मांडणीत हायड्रोझोआचे दोन उपवर्ग आहेत. मोठा हायड्रोइडोलिना, लहान ट्रॅकिलिना. मोठ्यात तीन गण. ज्यांच्या बहुशुंडकांना पेला असतो ते लेप्टोथेकाटा, म्हणजे दोरावरचं आमचं झुडूप. ज्यांना पेला नसतो, उघडेच असतात ते अँथोअथेकाटा. हायड्रा यांत येतो. तिसरा गण सिफोनोफोर, त्याच्याकडे येतोच. पेला नसलेल्यांचा गण हा खरंच एका पूर्वजाचा वंश आहे की 'उरलेले सगळे' अशी पिशवी आहे, यावर जाणकारांत शंका आहे. मला विचाराल तर पिशवीच वाटते. एखादी गोष्ट नसणं ही ओळख कशी होईल?

मोठ्या जेलीफिशपासून हायड्रोझोआची छत्री वेगळी कशी ओळखायची, तर छत्रीच्या कडेला आतून एक पातळ पडदा असतो, वीलम. बरणीच्या तोंडाला आतून कडेची पट्टी लावावी तसा. त्यामुळे छत्री आकसली की पाण्याची पिचकारी अरुंद तोंडातून जोरात सुटते. शिवाय ही छत्री बहुशुंडकाच्या अंगावर कळीसारखी फुटते. मोठ्या जेलीफिशांत बहुशुंडकाच्याच आडव्या चकत्या पडतात, इडलीपात्रातल्या ताटल्यांसारख्या एकावर एक, आणि सुटतात. आणि हो, ज्या ओबेलियावरून सगळं शिकवतात त्याच्या छत्रीला हा पडदा नावापुरताच असतो. नमुना निवडण्यात या वर्गाचं नशीबच खोटं.

जुलैमध्ये भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तो उरणला राहतो, मित्रांबरोबर पिरवाडीच्या किनाऱ्यावर गेला होता. वाळूत एक निळसर, फुगवलेल्या पिशवीसारखं काहीतरी, कडेला जांभळी झाक, खाली निळ्या दोऱ्यांचा गुंता. "मामा, हे बघ. आधी प्लॅस्टिकची पिशवी वाटली. जेलीफिश आहे ना? उचलू?" मी सगळ्यात आधी 'हात लावू नकोस' असं लिहिलं आणि मग फोन केला.

ते जेलीफिश नव्हतं. ती फायसेलिया, इंग्रजीत तिला ब्लूबॉटल म्हणतात. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो तेव्हा मुंबई-रायगडच्या किनाऱ्यांवर ती येऊन पडते. हा सिफोनोफोर, आणि सिफोनोफोर हा प्राणी आहे की प्राण्यांचा जमाव, याचं उत्तर आपण कशाला प्राणी म्हणतो त्यावर आहे. मी भाच्याला म्हटलं, तुमच्या सोसायटीचा विचार कर. समज, सगळी बिल्डिंग एकाच पाइपलाइनला लटकली आहे. एका फ्लॅटमध्ये फक्त स्वयंपाक होतो, त्याला हात नाहीत. दुसऱ्यात फक्त वॉचमन, त्यांना तोंड नाही. तिसऱ्यात फक्त पाळणाघर. आणि गच्चीवर एक फुगा, ज्याच्यावर सगळं तरंगतंय. यातला कुणीही बाहेर पडून स्वतंत्र राहू शकत नाही. तरी प्रत्येक जण रचनेने एक अख्खा बहुशुंडक किंवा छत्रिक आहे. शास्त्रात त्यांना जीवक म्हणतात. सगळे एकाच अंड्यातून, एकमेकांच्या कळ्या म्हणून फुटलेले, म्हणजे जनुकांनी तंतोतंत सारखे.

फुग्यात हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही असतो, तो ती स्वतः तयार करते. फुग्यावरचा तुरा शिडाचं काम करतो. काहींचा तुरा डावीकडे कललेला, काहींचा उजवीकडे, म्हणून एकाच वाऱ्यात निम्म्या एकीकडे जातात आणि निम्म्या दुसरीकडे. दंश करणारे दोर दहा मीटर सहज लांबतात, तीस मीटरपर्यंतही जातात. लिनीअसने हिला चक्क होलोथुरिया म्हटलं होतं, ते नाव आता समुद्रकाकड्यांना आहे. पुढे बरीच वर्षं 'जगभर एकच जात' हे धरून चालत होतं. २०२५ मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि एकीच्या चार जाती झाल्या.

भाच्याला सांगितलेलं इथेही सांगतो. मेलेल्या, सुकलेल्या फायसेलियालाही हात लावायचा नाही. दंशकुपीला प्राणी जिवंत असण्याची गरज नसते, स्पर्श पुरतो. डंख झालाच तर वाळू चोळायची नाही, चोळण्याने उरलेल्या कुप्या फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले दोर चिमट्याने काढायचे, मग साधारण ४५ अंशांच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं धरायचा. दम लागला, छातीत दुखलं, अंगावर गांधी उठल्या तर सरळ डॉक्टर.

त्याच फोटोत कोपऱ्यात एक निळं बटण होतं. रुपयाएवढी चकती, भोवती निळी झालर. ती पोर्पिटा. ती पाण्यावर तरंगते, निळी असते, वसाहत असते, म्हणून बरीच वर्षं तिलाही सिफोनोफोर समजत. आता ती हायड्राच्या गणात बसते, पेला नसलेल्या पिशवीत. त्याच पिशवीत मिलेपोरा आहे, प्रवाळासारखा चुन्याचा सांगाडा बांधणारा, हात लागला तर आग करणारा, म्हणून अग्निप्रवाळ. खऱ्या प्रवाळाशी त्याचं नातं दूरचं, पण आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला प्रवाळांच्या पंगतीतच संरक्षण दिलंय. सिफोनोफोरांच्या लांबीबद्दल एकच सांगतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्रात अपोलेमिया जातकुळीचा एक सिफोनोफोर वेटोळं घालून तरंगताना दिसला. त्याच्या फक्त बाहेरच्या वेढ्याचा अंदाज ४७ मीटर होता.

ट्रॅकिलिना हा धाकटा उपवर्ग हायड्राच्या बरोबर उलटा. हायड्राने छत्री सोडली, यांतल्या कित्येकांनी झुडूपच सोडलं. प्लॅन्युलातून थेट छत्री, तळाशी टेकायचंच नाही. पण यांतल्या एका गणातले काही गोड्या पाण्यात आले, आणि त्यांची एक गोष्ट आपल्या मातीतली आहे. मला ती शाळेत कुणी सांगितली नाही याचं अजून वाईट वाटतं.

शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म १८८४, मालवण. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे. पुढे नावाजले ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण तरुणपणी सह्याद्री पालथा घालताना कृष्णेच्या खोऱ्यातल्या नदीत त्यांना नाण्याएवढ्या, पारदर्शक, पोहणाऱ्या छत्र्या दिसल्या. समुद्रापासून इतक्या आत, घाटावर, गोड्या पाण्यात जेलीफिश! लिम्नोक्निडा नावाची ही प्रजाती तोवर फक्त आफ्रिकेतली म्हणून माहीत होती. १९१२ च्या सुमारास प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी या जातीचं नाव ठेवलं लिम्नोक्निडा इंडिका. नाण्याएवढी छत्री गोड्या पाण्यात दिसणं दुर्मीळ, कारण वर्षातला बराच काळ हा जीव डोळ्याला न दिसणाऱ्या, दगडाला चिकटलेल्या बारीक बहुशुंडकाच्या रूपात काढतो. तिची वेळ आणि आपली नजर जुळावी लागते.

१९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली. आघारकर तिचे संस्थापक-संचालक. १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव मिळालं. आणि गंमत पाहा, याच आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालं. तिथल्या संशोधकांनी भारतातल्या साध्या हायड्राचा नीट तपास करून वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्या वाणाला नाव दिलं हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे. संस्था ज्यांच्या नावाची, त्यांना नदीत सापडला एक हायड्रोझोआ. संस्थेने घरच्या पाण्यातला दुसरा हायड्रोझोआ जगाच्या यादीत लावला. हे मुद्दाम जुळवून आणलेलं नाही, आपसूक जुळलं आहे.

हायड्रावरच एवढं काम का, तर त्याच्या त्या रक्तबीज-गुणामुळे. एटीएम कार्डाने हायड्रा कापणारा मी पहिला शिकवणीवाला नाही. १७४० साली हॉलंडमध्ये, हेगजवळ, एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवायला जिनिव्हाचा आब्राहाम ट्रेम्ब्ली नावाचा तरुण होता. डबक्यातून आणलेल्या पाण्यात त्याला हिरवे हायड्रा दिसले. ही वनस्पती की प्राणी? त्याने एकाचे दोन तुकडे केले. वनस्पती असेल तर कलमासारखी जगेल, प्राणी असेल तर मरेल, असा साधा हिशोब. तुकडे जगले, दोन्हींचे पूर्ण जीव झाले. पण ते कोलांट्या मारत चालत होते आणि शिकार खात होते. डोक्याकडून चिरे दिले तर एकाच धडावर सात डोकी उगवली. ग्रीक पुराणातल्या त्या अनेक डोक्यांच्या सापाचं नाव याला चिकटलं ते त्यामुळे. आपल्याकडचा 'जलव्याल' हा भारदस्त शब्दही तोच अर्थ सांगतो. ट्रेम्ब्लीचं पुस्तक १७४४ मध्ये आलं, आणि प्राण्यांवर नेटका प्रयोग कसा करावा हे लोक त्यातून शिकले.

१९०९ मध्ये एथेल ब्राउन या अमेरिकी संशोधिकेने याहून पुढची गोष्ट दाखवली. एका हायड्राच्या तोंडाभोवतीचा कणभर तुकडा तिने दुसऱ्याच्या कुशीत रोवला. तिथे दुसरं डोकं आणि नवं धड फुटलं, आणि त्यासाठी माल वापरला गेला यजमानाच्या अंगचा. म्हणजे तो कणभर तुकडा नुसता वाढत नव्हता, शेजारच्या पेशींना कामाला लावत होता. हे तिने हिरव्या आणि पांढऱ्या हायड्रांचं कलम करून पारखलं, रंगावरून कुणाच्या पेशी कुठे गेल्या ते दिसत होतं. भ्रूणातल्या अशाच 'मुकादम' पेशींसाठी पुढे नोबेल दिलं गेलं. तो प्रयोग १९२४ चा, बेडकाच्या नातलगांवरचा. ब्राउनचं नाव पाठ्यपुस्तकात सहसा नसतं.

हायड्राच्या धडात पेशी सतत विभागत राहतात, जुन्या पेशी दोन्ही टोकांकडे सरकत जाऊन गळतात. तीनेक आठवड्यांत अंग जवळजवळ नवं होतं. मग तो म्हातारा होतो की नाही? २०१५ मध्ये २,२५६ हायड्रांवर आठ वर्षं नजर ठेवलेला अभ्यास आला. वय वाढलं म्हणून मरण्याची शक्यता वाढली नाही, आणि पिलावळही कमी झाली नाही. बातम्यांत 'अमर' म्हणून गाजते ती मात्र दुसरीच, ट्युरिटॉप्सिस डोर्नाय, जेमतेम अर्धा सेंटीमीटरची समुद्रातली छत्री. उपासमार झाली, जखम झाली की ती गोळा होऊन तळाशी बसते आणि परत बहुशुंडक होते. म्हातारीचं बाळ. विलक्षण आहे, नाकारत नाही. पण समुद्रात तिला मासे खातात, रोग होतात, तेव्हा 'अमर' हा शब्द जरा महागातच पडतो.

आणि ज्या हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनामुळे आज पेशीच्या आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, ज्यासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सियन यांना मिळालं, ते एक्वोरिया नावाच्या छत्रीतून काढलेलं होतं. तीही पेलावाल्या गणातली, दिवाळ्याच्या दोरावरच्या झुडपाची लांबची चुलत बहीण.

माझी बरणी आता क्लासमध्ये खिडकीत असते. मुलं पाळीपाळीने दोन सायक्लोप्स टाकतात, कोण कधी हात टाकतो यावर पैजा लावतात. ऑगस्टमध्ये एका वेगळ्या बाटलीत मुद्दाम एकच हायड्रा ठेवला होता. पाचव्या दिवशी कुशीत कळी आली, तिला हात फुटले, एक दिवस दोघांनी एकाच पोटातून जेवण केलं आणि शनिवारी कळी सुटून काचेवर दोन बोटं पलीकडे जाऊन बसली. दोन आठवड्यांनी मागच्या बाकावरचा एक जण, जो एरवी तोंड उघडत नाही, बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "सर, यातला आधीचा कुठला?"

मी भिंग घेतलं. दोघंही सारखेच लांब, दोघांनाही सहा हात. बाटलीवर खूण करायला मी विसरलो होतो.